अवलंबित

दर एप्रिलात फॉर्म येतो.
पहिला रकाना : कर्मचारी. मी लिहिते,
अयोध्या मुंजाजी खटके, कोड अकरा अठ्ठेचाळीस,
बीज परीक्षण विभाग, जालना.
दुसरा रकाना : जोडीदार.
तिथं तांगडे साहेबांचं बोट आधीच येऊन बसलेलं असतं.
"मॅडम, हा मोकळा सोडा.
मिस्टर आपल्याकडंच आहेत ना, पॅकिंगला?
एक माणूस दोनदा धरता येत नाही."

मुंजाजीचा कोड अकरा सत्तेचाळीस.
मुलाखतीच्या रांगेत तो माझ्या पुढं उभा होता,
एवढीच ओळख, आणि एवढ्यावरच लग्न.
त्याच्याही फॉर्मात तो रकाना मोकळा.

म्हणजे कंपनीच्या कागदावर आम्ही
एकमेकांवर अवलंबून नाही.
हे ऐकून सासूबाई म्हणाल्या,
"मग त्यानं भाजी आणायची वाट कामून बघायलीस?"

पोरगी माझ्या कार्डावर,
कारण त्याच्यावर त्याचे आई-बाप बसलेले.
आई-बाप घरटी एकच जोडी, असा नियम.
माझी आई सेलूला, गुडघे चोळत,
कुणाच्याच कार्डावर नाही.
मी सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही.

मागच्या मे महिन्यात, हंगाम ऐन भरात,
कपाशीची पाकिटं सील करता करता
मुंजाजी पोट धरून खाली बसला.
स्वादुपिंडाला सूज, मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले.
अॅम्ब्युलन्समधून बदनापूर गेलं, शेकटा गेला, करमाड गेलं.
चिकलठाण्याशी डोळे उघडून म्हणाला,
"कार्ड घेतलंस?"
दोन्ही घेतली होती.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, यात तुमचं नाव नाही.
मी दुसरं दिलं. यात त्यांचं नाव नाही.
"तुम्ही पेशंटच्या कोण?"
गळ्यात मंगळसूत्र होतं, पण ते स्कॅन होत नव्हतं.

त्याचे तीन लाख नवव्या दिवशी संपले.
माझे तीन लाख काठोकाठ,
शेजारच्या रानातल्या विहिरीसारखे,
दिसतात, आणि बादली आपली नाही.
तांगडे साहेबांना फोन लावला,
माझ्यातले द्या की त्याला, मी कुठं आजारी आहे?
बराच वेळ पलीकडून नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाले, "ताई, पॉलिसीत बसत नाही ते."
पहिल्यांदाच ताई म्हणाले.

वरचे एक लाख वीस हजार कुठून आले
ते मुंजाजीनं अजून विचारलेलं नाही.
बोरमाळेच्या जागेकडं बघतो
आणि पोरीच्या शाळेचं काहीतरी काढतो.

आता पुन्हा एप्रिल.
तो समोर बसून मुगाचं पातळ वरण पितोय, तेल वर्ज्य.
"औंदा तुझ्या आईला घे," म्हणतो, "माझ्या बापाला काढ.
म्हातारा ठणठणीत आहे."
आतल्या खोलीतून म्हातारा खोकतो.
आम्ही दोघं हसतो, आणि मग हसत नाही.
फॉर्म तसाच डब्याखाली.

दिवसभर मी ओल्या कागदात बी मांडते,
पन्नास पन्नास, गुंडाळी करते,
सातव्या दिवशी उलगडून मोजते :
सरळ, वाकडं, मेलेलं.
मुळं एकमेकांत गेलेली असली
तर चिमट्यानं सोडवायची, मगच मोजायची,
नव्या पोरींना हे मीच शिकवते.

आज दोन कोंब असे निघाले,
तोडल्याशिवाय सुटतील असं वाटेना.
चिमटा खाली ठेवला. बाहेर ट्रक मागं घेत होते,
पॅकिंगकडून कुणीतरी ओरडत होतं, येऊ द्या, येऊ द्या.
रजिस्टरात मी एक लिहिलं.
मग ते खोडून दोन,
आणि बाजूला सही केली,
खाडाखोडीला सही लागते.